गिरणीवरची मंडळी

चिंचवड,
मंगळवार, रात्र

प्रिय दिल्या,

परवा फोनवर खवचटपणे विचारलंस, "पम्या, इतकी वर्षं त्या बाप्टिस्ट चर्चमध्ये जातोस, पण तू सभासद नाहीस, तुला मत नाही, मग तिथं तुझं काम काय?" मी म्हटलं, चहा. तू हसलास आणि तुझी रेंज गेली. प्रश्न मात्र डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र. एवढं सगळं मोबाइलवर बडवायचं म्हणजे माझ्या अंगठ्यांना झेपणारं काम नाही.

आधी जागा सांगतो. पिठाच्या गिरणीच्या वरचा मजला, त्यावर पत्रे. उपासना रविवारी सकाळी दहाला, आणि गावाच्या दळणाची वेळही तीच. फरशी पायाखाली थरथरते, गीतांच्या पुस्तकांवर पिठाची पुटं चढतात. त्या घरघरीच्या वरताण बोलून बोलून आमच्या पास्टरांचा आवाज असा झालाय की घरी मीठ मागितलं तरी उपदेश केल्यासारखं वाटतं, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं. गिरणीवाले आप्पा माळकरी. आमच्यासाठी गिरण बंद ठेवत नाहीत, आणि का ठेवावी? पण महिन्याच्या पहिल्या रविवारी, आमचं प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेणं) सुरू झालं की दहा मिनिटं खाली सामसूम होते. एकदा विचारलं तर म्हणाले, "पट्टा बघायचा असतो." गेली चौदा वर्षं तो पट्टा त्याच वेळेला बघायचा असतो.

सभासद ३१. पोरंटोरं, पाहुणे आणि माझ्यासारखे कुंपणावरचे धरून पन्नास-पंचावन्न. भोसरीच्या वर्कशॉपांतले टर्नर-फिटर, दोन शिक्षिका, एक रिक्षावाले, मोकोकचुंगचा एक नागा पोरगा (इथं एमएस्सी करतोय, पेटीवर जुनं मराठी भजन असं वाजवतो की आमचे म्हातारे डोळे पुसतात), आणि मिझोराममधल्या लुंगलेईहून आलेली रिनी व तिच्यासोबतच्या चार नर्सेस. बाप्टिस्ट म्हटलं की मराठी माणसाला अमेरिका आठवते. नागालँडात किंवा दक्षिण मिझोराममध्ये जाऊन बघ, तिथं गल्लोगल्ली हेच. नागांमध्ये ही मंडळी १८७२ पासूनची आहे.

यांचं वेगळेपण दोन गोष्टींत. एक, तान्ह्या लेकराला बाप्तिस्मा देत नाहीत. ज्याला कळतं त्यानं आपल्या तोंडानं मागायचा, आणि शिंपडून नाही, अख्खं पाण्यात बुडवून. दोन, वर कुणी बिशप नाही. पास्टर कोण, त्यांचा पगार किती, पत्रे कधी बदलायचे, सगळं सभासदांनी हात वर करून ठरवायचं. ऐकायला हे फार छान वाटतं. पंखा पांढरा घ्यायचा की चॉकलेटी यावर पाऊण तास चर्चा ऐकलीस की तुझं मत बदलेल.

आता माझं. मी नगरचा. बाप्तिस्मा १९६८ चा, आजोबांच्या मांडीवर, डोक्यावर तीन वेळा पाणी शिंपडून. दोनच वर्षांनी, १९७० साली, नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी झाली, तेव्हा आमचं गावचं देऊळही (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) तिच्यात गेलं. गंमत म्हणजे त्या सहांत उत्तरेकडचे बाप्टिस्टही होते. पण ही गिरणीवरची मंडळी स्वतंत्र, कुणात न मिसळलेली. बायकोनं २०११ मध्ये इथं बाप्तिस्मा घेतला, सभासद झाली. मला म्हणाले, तुम्हीही घ्या. मी म्हटलं, माझा झालाय. ते म्हणाले, तो तुम्ही नाही घेतला, तुम्हाला दिला. मी म्हटलं, आईचं दूधही मला दिलंच होतं. तिथं तो विषय थांबला तो थांबलाच. भाकर आणि प्याला मला मिळतो, कारण त्यांनी हात वर करूनच ठरवलंय की कुठल्याही मंडळीचा विश्वासी असला तरी त्याला पंगतीतून उठवायचं नाही. मत मात्र नाही. म्हणून सभा सुरू झाली की मी गॅसजवळ.

गेल्या पंधरवड्यात एक प्रकार झाला तो तुला सांगायलाच हवा. आमच्यात आक्का म्हणून आहेत. वय ६१, पोळ्या लाटून संसार केलेली बाई. आठ-नऊ वर्षं येतायत, पण बाप्तिस्मा म्हटलं की टाळायच्या, कारण लहानपणी विहिरीत पडल्या होत्या. यंदा स्वतःहून म्हणाल्या, घेते. नदीचं पाणी तुला ठाऊकच आहे, त्यात बुडवलं तर माणूस आजारीच पडायचा. म्हणून एकाच्या भावाच्या शेतावर गेलो, शिरूरकडं. विहिरीशेजारी सिमेंटचा हौद, मोटर लावून छातीइतका भरलेला. आक्कांच्या पांढऱ्या पातळाला बायकांनी इतक्या सेफ्टी पिना लावल्या होत्या की चालताना खुळखुळत होत्या. पास्टर आधी उतरले, मग आक्का. पास्टरांनी एक हात पाठीला लावला, दुसऱ्या हातात नाकासाठी रुमाल, आणि तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "थांबा."

थांबलो. भजन चालू होतं, ते संपलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा संपलं. मोटरीचं पाणी हौदात पडतच होतं, ते पास्टरांच्या खांद्याकडं चढायला लागलं. कुणीतरी पळत जाऊन मोटर बंद केली. सहाव्यांदा भजन चालू असताना आक्कांनी पास्टरांचा हात बाजूला सारला, स्वतःच नाक धरलं आणि बुडी मारली! पास्टर रुमाल हातात घेऊन तसेच. आक्का वर आल्या, अंबाडा सुटलेला, म्हणाल्या, "झालं."

झालं खरं, पण झालं का? परतीच्या टेम्पोतच वाद पेटला. बाप्तिस्मा दुसऱ्यानं द्यायचा असतो, आपला आपण घेता येत नाही, असं एक बाजू. बुडाली ना पूर्ण, नाव घेऊन उतरली ना, मग कुणाचा हात होता याला काय महत्त्व, असं दुसरी. पास्टर ओल्या कपड्यांत मागं बसून हसत होते. त्यांनी सांगितलं की हा घोळ पहिल्या दिवसापासूनचा आहे. १६०९ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज पळपुट्या पाद्र्यानं पहिली अशी मंडळी काढली, तेव्हा त्याला बाप्तिस्मा द्यायला लायक माणूसच कुणी सापडेना. मग त्यानं स्वतःच स्वतःला दिला आणि बाकीच्यांना दिला. पुढं त्याचा त्यालाच पश्चात्ताप झाला ते वेगळं. म्हणजे या पंथाचा श्रीगणेशाच (तुझा शब्द वापरतो) आक्कांच्या पद्धतीनं झालेला. तरीही येत्या रविवारी सभा आहे. निकाल तोपर्यंत लागला तर कळवतो.

रिनीचं सांगायचं राहिलं. २०२० च्या टाळेबंदीत ती कोविड वॉर्डात होती. ज्या सोसायटीत पाचजणी भाड्यानं राहायच्या, तिथं एका रात्री सांगितलं, ड्युटी चालू आहे तोवर इथं येऊ नका. पास्टरांनी हॉलची किल्ली दिली. खुर्च्या एका भिंतीला लावून दोन महिने पाचजणी गिरणीवर झोपल्या. आमच्या बायका आळीपाळीनं डबा जिन्यात ठेवून यायच्या. आप्पांनी आठवड्याला पिठाची पिशवी ठेवली. तिला भाकरी येत नव्हती, तिनं त्या ज्वारीच्या पिठाचे जाड डोसे केले. ते कसे लागले हे विचारू नकोस.

त्यानंतर एका रविवारी तिनं हॉलच्या दाराशी बिस्किटाचा रिकामा डबा आणून ठेवला. मिझोराममध्ये बायका स्वयंपाकाला तांदूळ घेताना दरवेळी एक मूठ बाजूला काढतात, मंडळीसाठी. बुहफाइ थाम म्हणतात त्याला. आठवड्याला ते गोळा होतं, विकलं जातं आणि त्या पैशावर तिथल्या मंडळीची कितीतरी कामं उभी राहतात. तिनं मोडक्या मराठीत हे समजावलं आणि सगळे कौतुकानं ऐकत असताना मी गॅसजवळून ओरडलो, "अगं, हा तर मुष्टिफंड!" तुझी आजी सांगायची ना, कर्मवीर अण्णांच्या बोर्डिंगातल्या पोरांसाठी जात्यावर बसताना आधी एक मूठ मडक्यात टाकायची ते? लुंगलेई कुठं, सातारा कुठं! रिनीला आजीची गोष्ट सांगितली तर म्हणाली, "मग ती आमचीच होती, प्रमोदा." त्यांच्यात पुरुषाचं नाव 'आ'वर संपतं आणि बाईचं 'ई'वर, म्हणून ती मला प्रमोदा म्हणते. माझी आईही असंच हाकारायची. डबा दर महिन्याला भरतो. कधी कुणाच्या घरी जातो, कुणाच्या ते फक्त दोघींना ठाऊक असतं.

इथवर तुला सगळं गोड वाटलं असेल. आता जे लिहितोय ते फोनवर बोलू शकलो नसतो.

२०२१ मध्ये माझ्या लेकीसाठी, स्नेहलसाठी, आमच्या मंडळीतल्याच एका मुलाची गोष्ट निघाली. मुलगा सोन्यासारखा, दर रविवारी माझ्यासोबत खुर्च्या लावणारा. आणि मी, दिल्या, पास्टरांना बाजूला घेऊन विचारलं, "ते मूळचे आपल्यातले की त्यांच्यातले?" नगर जिल्ह्यात वाढलास तर या प्रश्नाचा अर्थ सांगावा लागत नाही. ख्रिस्ती होऊन शंभर वर्षं झाली तरी लग्नाच्या वेळी जातीचे जुने वाडे उठून उभे राहतात. पास्टर काहीच बोलले नाहीत. नुसतं माझ्याकडं बघत राहिले. ज्या आजोबांच्या मांडीवरचं ते पाणी मी चौदा वर्षं सोडायला तयार नाही, त्यांच्या वडिलांना गावाच्या पाणवठ्यावर हात लावायची सोय नव्हती. हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी विचारलं.

तू शाळेत व्याकरण शिकवतोस म्हणून सांगतो. १८०५ साली श्रीरामपुराहून (आपलं नगरचं नव्हे, बंगालमधलं) मराठीचं व्याकरण छापणारा, १८१० मध्ये कोश काढणारा विल्यम कॅरी बाप्टिस्टच. इंग्लंडात जोडे शिवायचा. महाराष्ट्रात कधी पाय ठेवला नाही, कलकत्त्यात पंडित वैजनाथांकडून मराठी शिकला. त्याच्या मंडळीत पहिला आला कृष्ण पाल नावाचा सुतार, डिसेंबर १८०० मध्ये. बाप्तिस्म्यासाठी हुगळी नदीत उतरायच्या आधी त्याला सगळ्यांदेखत मिशनऱ्यांच्या पंगतीला बसावं लागलं, आणि गावात दंगा झाला तो त्या जेवणावरून. १८०३ मध्ये त्याच सुताराच्या मुलीचं लग्न ख्रिस्ती झालेल्या एका ब्राह्मणाशी लागलं. ही गोष्ट मी स्वतः संडे स्कूलच्या पोरांना दोनदा सांगितली होती.

पन्नास माणसांत काही लपत नाही. माझा प्रश्न मुलाच्या वडिलांपर्यंत पोचला. मला वाटलं, आता ते दुसरीकडं जातील, किंवा मीच तोंड लपवीन. स्नेहलनं तर मला महिनाभर जेवायला वाढलं नाही, मग हैदराबादला नोकरी घेतली आणि लग्नाचा विषयच मिटवला. पुढच्या महिन्याचा पहिला रविवार. भाकर म्हणजे आमच्याकडं चपातीचे तुकडे, आणि द्राक्षरस म्हणजे काळ्या मनुका उकळून गाळलेलं पाणी, इवल्या इवल्या पेल्यांत. ताटं फिरवायची पाळी नेमकी त्या गृहस्थांची. खाली गिरण थांबलेली. एकेका रांगेतून येताना पेल्यांची किणकिण ऐकू येत होती. माझ्यापुढं आले, ताट धरलं. माझा हात उठेना. ते पुढं सरकले नाहीत. मागची रांग खोळंबली. शेवटी हळूच म्हणाले, "घ्या हो, थंड होतंय." थंड व्हायला ते गरम होतंच कुठं? पण मी घेतलं.

माफी मी नंतर त्यांच्या घरी जाऊन मागितली. त्यांनी ऐकून घेतली, चहा दिला, सोडलं. मैत्री पहिल्यासारखी झाली असं खोटं लिहिणार नाही. त्यांच्या मुलाचं लग्न पुढच्या वर्षी झालं, तीनशे माणसांचा चहा मी केला.

तर माझं काम हे असं आहे. झोप येतेय, उरलेलं रविवारनंतर.

रविवार, संध्याकाळ

सभा झाली. आक्कांचा बाप्तिस्मा धरायचा की नाही. मोजणीला निःपक्षपाती माणूस हवा म्हणून सगळ्यांच्या नजरा गॅसकडं वळल्या. मत नसलेला मी एकटाच मोठा माणूस. हात पुसून पुढं गेलो. धरायचा म्हणणारे १९. मग विचारलं, नाही म्हणणारे कोण? पाच हात वर झाले, आणि शेवटच्या रांगेत सहावा. आक्कांचा! "मी घाबरून बुडाले," म्हणाल्या, "मला नीट घ्यायचाय."

गोंधळ उडाला. बाप्तिस्मा धरला तर त्या सभासद, मग त्यांचं मत धरायचं. पण त्यांचं मतच म्हणतं की धरू नका. चिटणीस वही उघडून माझ्याकडं बघायला लागले, मुलाचे वडीलही बघत होते. खाली गिरण चालूच होती.

मी मोठ्यानं सांगितलं, एकोणीस आणि सहा. लिहा.

पुढच्या महिन्यात पुन्हा शिरूरला जायचंय, कारण ठराव पास झाला तरी आक्का ऐकायला तयार नाहीत. टेम्पोत जागा आहे. शनिवारी रात्रीच ये, वहिनींनाही आण. रिनीला मुष्टिफंडवाल्या आजीचा नातू बघायचाय.

तुझा,
पम्या