सातपुड्यातील भटकंती आणि पाठीवरचा शिधा

माननीय संपादक यांस,

स. न. वि. वि.

सातपुड्यातील पदभ्रमणाविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. वाटा, वनखात्याची परवानगी, बूट, तंबू यांची त्यात नेमकी माहिती आहे. खाण्यापिण्याचा विषय मात्र ‘बाजारात मिळणारी तयार पाकिटे सोबत घ्यावीत’ एवढ्या एका वाक्यात मिटवला आहे. जळगाव जिल्ह्यातील पाल किंवा नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ परिसरात दोन-तीन दिवस पायी फिरायचे, तर पाठीवरच्या ओझ्यात शिधा आणि पाणी यांचाच वाटा मोठा असतो. त्यामुळे या विषयाला थोडी अधिक जागा मिळावी, म्हणून हे पत्र.

अमेरिकेच्या डोंगराळ भागात परवाना काढून शिकारीला जाणारे लोक मुक्कामाचे सारे अन्न पाठीवर वाहून नेतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असावी हेच योग्य. पण त्या लोकांचा अन्नाचा हिशेब आपल्या भटक्यांनी जरूर उचलावा. प्रत्येक पदार्थाच्या वजनामागे किती उष्मांक (कॅलरी) मिळतात, हे पाहूनच ते तो पदार्थ सॅकमध्ये ठेवतात. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅममागे सुमारे ४ उष्मांक मिळतात, तर तेल-तुपाच्या एका ग्रॅममागे ९. दिवसभर ओझे घेऊन चढउतार करणाऱ्या माणसाला साधारण तीन हजार उष्मांक लागतात असे धरले आणि निवडलेले पदार्थ ग्रॅममागे सरासरी साडेचार उष्मांकांचे असले, तर दिवसाला सातशे ग्रॅमच्या आत भागते. केळी १०० ग्रॅम गराला जेमतेम ९० उष्मांक देतात, कारण त्यांचा तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो. तेवढ्याच वजनाचे शेंगदाणे साडेपाचशेहून अधिक देतात. केळीच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हे लिहिणे जिवावर येते, पण केळी पायथ्याशीच खाऊन डोंगर चढावा हे बरे.

तयार पाकिटांबद्दल माझा आक्षेप किमतीपुरता नाही. गोठवून सुकवलेले अन्न वजनाला हलके असते हे खरे. मात्र ते खाण्याजोगे करायला पाणी लागते, आणि तेही बहुधा उकळते. मार्चनंतर सातपुड्यातील बहुतेक नाले कोरडे पडतात, त्यामुळे ते पाणीही पाठीवरूनच न्यावे लागते आणि पाकिटाने वाचवलेले वजन बाटलीत परत येते. शिवाय अभयारण्यात धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटवण्यास कायद्याने मनाई आहे, आणि सागाचा पाचोळा वाळून पडलेला असताना चूल मांडण्याचा विचारही कोणी करू नये. म्हणून उन्हाळ्यात न शिजवता खाता येईल असाच शिधा न्यावा. चॉकलेटच्या वड्या तर आपल्या एप्रिलमध्ये चाटूनच खाव्या लागतात.

असा शिधा आपल्या घरात पूर्वीपासून आहे. सातूचे पीठ थंड पाण्यात गूळ घालून कालवले की जेवण होते आणि त्यात घातलेले पाणीही पोटातच जाते. उन्हाळ्यासाठी याहून सोयीचा पदार्थ मला ठाऊक नाही. दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या नीट भाजून, पूर्ण निववून कोरड्या फडक्यात बांधल्या, तर दुसऱ्या दिवशीही चांगल्या लागतात. कळण्याची भाकरी आणि ठेचा यांवर आपल्या माणसाचा जीव असतो, पण भाकरीत पाणी बरेच असते आणि उन्हात ती लवकर आंबते, म्हणून ती पहिल्या दिवशी दुपारपर्यंत संपवावी. लसूण घालून कुटलेली शेंगदाण्याची चटणी वजनाच्या मानाने भरपूर ताकद देते. तिच्यावर थोडे तेल सोडले तर उष्मांक आणखी वाढतात, आणि तेलाच्या बाबतीत खान्देशी माणसाला आग्रह करावा लागत नाही. सुके खोबरे, तीळगुळाचे लाडू, फुटाणे, खारीक हे चालता चालता तोंडात टाकण्याचे पदार्थ खिशात असावेत, कारण दमल्यावर सॅक उघडून खाण्याचा कंटाळा येतो आणि माणूस उपाशीच चालत राहतो.

वजनाइतकाच जागेचाही विचार करावा लागतो. भाजलेल्या बिबड्या (ज्वारीचे पापड) आणि मुरमुरे तराजूत हलके भरतात, पण अर्धी सॅक अडवतात. बिबड्यांचा तर पहिल्या उतारावरच चुरा होतो. न्यायच्याच असतील तर घरूनच चुरून, तिखट-मीठ आणि शेंगदाणे मिसळून डब्यात दाबून भराव्यात. घामावाटे जाणाऱ्या मिठाची भरपाई करायला मीठ-साखरेची पुडी किंवा ओआरएसचे पाकीट प्रत्येकाजवळ असावे. प्रत्येक दिवसाचा शिधा वेगळ्या कापडी पिशवीत बांधावा, म्हणजे पहिल्या रात्रीच सगळे लाडू संपत नाहीत, आणि उरलेसुरले व रिकामी वेष्टने त्याच पिशवीतून परत आणता येतात. मुक्कामाच्या जागी खरकटे टाकल्याने माकडांना माणसांच्या सामानाची चटक लागते, आणि त्याचा त्रास पुढे येणाऱ्यांना होतो.

चैत्रात खान्देशातून सप्तशृंगी गडाकडे पायी निघणाऱ्या भाविकांना वाटेवर ठिकठिकाणी अन्नदान मिळते, त्यामुळे आपल्या भागात पायी चालणे आणि शिधा वाहणे यांची सांगड अनेकांच्या मनात बसलेलीच नाही. यावल अभयारण्यातील पायवाटेवर चहाचीही टपरी नाही. तेव्हा वनखात्याने आणि जिल्हा प्रशासनाने एक गोष्ट मनावर घ्यावी: पाल आणि तोरणमाळ येथे, जिथून भटके डोंगरात शिरतात तिथेच, परिसरातील महिला बचत गटांना एका माणसाच्या एका दिवसाचा कोरडा शिधा विकण्यास जागा द्यावी. सातूचे पीठ, गूळ, चटणी, लाडू, फुटाणे एवढ्यात तो बसतो. अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालील नोंदणी त्यासाठी लागेल. ती मिळवून देण्यास प्रशासनाने गटांना मदत करावी. पाकिटावर वजन आणि तयार केल्याची तारीख छापलेली असावी. तारखेचा आग्रह विशेष धरावा, कारण आपल्या उन्हात कुटलेल्या शेंगदाण्यांना आणि खोबऱ्याला खवट वास यायला वेळ लागत नाही.

आपला,
एक नियमित वाचक,
यावल, जि. जळगाव