डिस्चार्ज कार्डावर मनासाठीही एक ओळ हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुडघेरोपणाविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते, ते बहुतेक शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंतचे असते: कृत्रिम सांधा कोणता घ्यावा, खर्च किती येतो, विमा मिळतो का. केंद्र सरकारने ऑगस्ट 2017 मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातल्यापासून निवृत्तिवेतनावर घर चालवणारी माझ्यासारखी माणसेही या शस्त्रक्रियेचा विचार करू लागली, आणि गेल्या पौषात मी डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घेतली. ती उत्तम झाली, टाके वेळेवर निघाले, जखम स्वच्छ भरली. कोणाच्या हातगुणाबद्दल माझी तक्रार नाही. मात्र टाके निघाल्यानंतरच्या पाच-सहा आठवड्यांत माझ्या मनाची जी अवस्था झाली, तिची कल्पना मला आधी कोणी दिली नव्हती आणि नंतरही कोणी विचारपूस केली नाही, म्हणून हे पत्र.

रुग्णालयात दर काही तासांनी सिस्टर येऊन विचारत, ‘दहापैकी किती दुखतंय?’ चौतीस वर्षे गणिताच्या उत्तरपत्रिका तपासल्यामुळे गुण देण्याची मला सवय आहे, तरी हे गुण मी प्रामाणिकपणे दिले नाहीत. सात वाटत असताना चार सांगितले, कारण शेजारच्या खाटेवरच्या बाई तीन सांगत होत्या आणि आपण नाजूक ठरू याची लाज वाटत होती. शिवाय ते दुखणे एका आकड्यात मावणारे नव्हतेच. गुडघा वाकवताना येते ती कळ, रात्री लागतो तो ठणका, पाय एकाच स्थितीत राहिला की लागते ती रग, आणि टाक्यांभोवतीची कातडी हुळहुळते ते आणखी निराळे. आपल्या भाषेने यांना वेगवेगळी नावे दिली आहेत, आणि रुग्णाला ती सांगायला दोन मिनिटे मिळाली तर डॉक्टरांनाही आकड्यापेक्षा अधिक काही कळू शकेल.

घरी आल्यावर दिवस कसाबसा निभतो, कारण माणसांचा राबता असतो. रात्री दोनच्या सुमारास गोळीचा असर उतरला की ठणका सुरू होई आणि त्याच्या मागोमाग विचार येत: सांधा निखळला तर नसेल ना, आतून काही बिघडले असेल का, चालत होते ते काय वाईट होते, उगाच का कापून घेतले. तिसऱ्या आठवड्यात एकदा स्वयंपाकघरात हातातून वाटी पडली. ती वाकून उचलता येईना, तेव्हा वॉकर धरून मी ढसाढसा रडले. वाटी रिकामी होती. घरच्यांचे म्हणणे, ‘एवढं तर दुखणारच, धीर धर,’ आणि त्यांचेही चुकले असे मी म्हणणार नाही, कारण त्यांनाही कोणी काही सांगितले नव्हते. भेटायला येणाऱ्यांकडे मात्र एक ठरलेली गोष्ट असते: कोणाच्या तरी सासूबाई म्हणे पंधराव्या दिवशी जिना चढून गच्चीवर गेल्या. या सासूबाई मला चौघांनी सांगितल्या, पण त्यांना प्रत्यक्ष पाहिलेले कोणीही आढळले नाही.

हा फेरा सैल झाला तो घरी येणाऱ्या तरुण फिजिओथेरपिस्टच्या एका वाक्याने. ‘बाई, दुखतंय म्हणजे तुटतंय असं नाही,’ तो म्हणाला, आणि गुडघ्याभोवतीची सूज व ऊब काही महिने राहू शकते, मांडीचा पुढचा स्नायू शस्त्रक्रियेनंतर किती दुबळा होतो, हे त्याने कागदावर चित्र काढून समजावले. त्या रात्रीही ठणका तितकाच होता, पण मी छातीत धडधड न होता पडून राहू शकले. तोवर भीतीमुळे मी पाय आखडून धरत होते, आखडल्यामुळे सांधा ताठरत होता, ताठरल्यामुळे व्यायामाच्या वेळी अधिक दुखत होते, आणि झोप न झाल्यामुळे दुसऱ्या दिवशी तेवढीच हालचाल दुप्पट जड जात होती. हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितले असते तर बरे झाले असते. पण मीच त्याला रात्रीच्या भीतीविषयी तिसऱ्या आठवड्यापर्यंत बोलले नव्हते.

वेदनेच्या अभ्यासासाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1979 मध्ये जी व्याख्या प्रसिद्ध केली, तिच्यातच वेदना हा संवेदना आणि भावना या दोहोंचा मिळून होणारा अनुभव मानला आहे. 2020 मध्ये व्याख्या सुधारताना हा गाभा तसाच ठेवून, रुग्ण स्वतःच्या वेदनेविषयी जे सांगतो त्याचा आदर राखला जावा, अशी टीपही जोडली गेली. गुडघेरोपणानंतर साधारण पाचांतील एका रुग्णाला दीर्घकाळ वेदना राहते, आणि आधीपासून चिंता, उदासी किंवा दुखण्याची धास्ती असलेल्यांना हा धोका अधिक असतो, असे अभ्यासांत दिसून आले आहे. असे असताना शस्त्रक्रियेपूर्वी रक्त, ईसीजी, साखर सगळे तपासले जाते आणि ‘झोप लागते का, कशाची भीती वाटते का’ एवढे विचारले जात नाही, हे विसंगत आहे.

याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ म्हणून रुग्णाला गप्प बसवण्यासाठी कोणी या पत्राचा आधार घेऊ नये. ताप, जखमेतून स्राव, पोटरी सुजून दुखणे, धाप लागणे किंवा छातीत दुखणे यांपैकी काहीही झाल्यास धीर धरत न बसता लगेच डॉक्टरांना गाठावे लागते, आणि हा फरक रुग्णाला लिहून दिला तर रात्रीच्या निम्म्या शंका तिथेच मिटतील.

माझी सूचना फार खर्चाची नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच्या भेटीत रुग्ण व घरची एक व्यक्ती यांना एकत्र बसवून पुढचे सहा आठवडे कसे जातील, मन मध्येच का खचते, हे दहा मिनिटे सांगावे. टाके काढण्याच्या दिवशी दोन प्रश्न विचारावेत: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास किंवा हताश वाटते का, आणि नेहमीच्या गोष्टींत रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का. नैराश्याच्या प्राथमिक चाचणीत डॉक्टर हेच दोन प्रश्न वापरतात. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या वेळांखाली 14416 हा ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा क्रमांक छापावा. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली ही शासकीय सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीतूनही बोलता येते. मला तो क्रमांक एका माजी विद्यार्थिनीने सांगितला, तेव्हा माझा दुसरा महिना संपत आला होता.

दिवाळीनंतर माझ्या उजव्या गुडघ्याची पाळी आहे. डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी मी वहीत करून ठेवली आहे, आणि या वेळी भेटीला जाताना मुलालाही सोबत नेणार आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षिका, सातारा