सौर पॅनेल हवेत, पण चाकांखाली नकोत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकातला सौर रस्त्यांवरचा लेख वाचला. डांबराच्या जागी सौर पॅनेल बसवायचे, वरून गाड्या धावतील आणि खाली वीज तयार होईल. आपल्याकडेही एखाद्या राज्यमार्गावर असा प्रायोगिक पट्टा करावा, असे लेखकाने सुचवले आहे. सौरऊर्जेवर माझा विश्वास आहे, माझ्या घरावर 3 किलोवॉटचे पॅनेल आहेत. पण माझी 31 वर्षे सातारा-सांगली भागात रस्ते करण्यात आणि त्याहून जास्त ते दुरुस्त करण्यात गेली. या सूचनेवर खरोखर पैसे खर्च होतील, याची मला भीती वाटते.

लेखात फ्रान्समधल्या ज्या रस्त्याचे कौतुक आहे, त्याचे पुढे काय झाले ते लेखात आलेले नाही. नॉर्मंडीतल्या तुरूव्र गावाजवळ डिसेंबर 2016 मध्ये तेव्हाच्या पर्यावरणमंत्री सेगोलेन रोयाल यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. लांबी 1 किलोमीटर, पॅनेल 2,800 चौरस मीटर, खर्च 50 लाख युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे 35 कोटी रुपये. पहिल्या वर्षी दीड लाखाच्या आसपास युनिट मिळाली. 2018 मध्ये तो आकडा 78 हजारांवर आला. 2019 च्या पहिल्या सात महिन्यांत 38 हजारही झाली नाहीत. 2018 मध्येच 90 मीटरचा तुकडा इतका खराब झाला की उखडून टाकावा लागला. पॅनेलवरचा रेझिनचा, म्हणजे राळेसारख्या पदार्थाचा, संरक्षक थर तुकड्यातुकड्यांनी सुटला, झाडांची पाने पडून वर कुजली, आणि चाकांचा आवाज एवढा वाढला की वेगमर्यादा ताशी 70 किलोमीटरवर आणावी लागली. आपली पद्धत लांब पल्ल्याच्या वाहतुकीसाठी अजून तयार नाही, हे ती बनवणाऱ्यांनीच नंतर मान्य केले.

78 हजार युनिट म्हणजे किती? माझ्या घरावरचे पॅनेल वर्षाला 4,300 युनिटच्या आसपास देतात. म्हणजे तेवढी वीज आमच्या गल्लीतल्या 18 घरांची छपरे देतील. नॉर्मंडीत ऊन कमी, म्हणून तिथे घरे जास्त लागतील, पण 35 कोटींचा हिशेब त्यानेही जुळत नाही.

तुरूव्रच्या रस्त्याचे हाल होण्यामागे ट्रॅक्टरच्या वजनाचाही हात होता, असे वाचले तेव्हा मला आमचा गळीत हंगाम आठवला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखाने सुरू झाले की एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि ऊस बाहेर लोंबेपर्यंत भरलेला. नव्या कारपेटवर, म्हणजे डांबराच्या वरच्या थरावर, चाकोऱ्या पडायला एक हंगाम पुरतो. डांबराला निदान थोडी लवचीकता असते. ते दबते, आणि पुढच्या वर्षी त्यावर दुसरा थर टाकता येतो. पॅनेल दबत नाही, तडकते. त्यात पाऊस. रस्त्याचा खरा शत्रू पाणी. कुठल्याशा बारीक फटीतून ते आत शिरते, वरून चाक गेले की दाबाने खडी सुटते, आणि आठ दिवसांत खड्डा होतो. सौर रस्त्यात तर प्रत्येक पॅनेलच्या चारही बाजूंना सांधा, आणि प्रत्येक सांध्यातून वायर.

शिवाय आपल्याकडे रस्ता एकदा केला की तसाच कधीच राहत नाही, तो सतत खोदला जातो. मी केलेला एक रस्ता पूर्ण होऊन महिनाही झाला नव्हता, तोच पाण्याच्या लाइनसाठी मधोमध चर मारला गेला. त्या दिवशी मला रडू यायचे बाकी होते. तिथे पॅनेल असते तर?

पॅनेलचे स्वतःचेही काही नियम आहेत. ते जितके तापते तितकी वीज कमी होते. छपरावर खालून वारा खेळतो, जमिनीला चिकटलेल्या पॅनेलला तो मिळत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पंधरा दिवस मी पॅनेल धुतले नाहीत तर रोजच्या युनिटमध्ये फरक दिसतो, आणि ते तिसऱ्या मजल्यावर आहेत. रस्त्यावरची माती, टायरचा काळा थर, सांडलेले ऑइल कोण धुणार? आणि वाहतूक जितकी जास्त, तितकी सावली जास्त.

नेदरलँड्समधल्या क्रोमेनी इथे 2014 मध्ये असाच 70 मीटरचा पट्टा झाला आणि त्याने पहिल्या सहा महिन्यांत 3 हजारांवर युनिट दिली, हे खरे आहे. पण तो सायकलमार्ग होता. त्यावर उसाची ट्रॉली जात नव्हती.

मग काय करायचे, याचे उत्तर आपल्या शेजारीच आहे. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या चंद्रासण गावी 2012 मध्ये नर्मदेच्या शाखा कालव्यावर 750 मीटर लांबीत पॅनेल बसवले. क्षमता 1 मेगावॉट, वर्षाला सुमारे 16 लाख युनिट अपेक्षित, आणि सावलीमुळे लाखो लिटर पाण्याची वाफ वाचते ते वेगळेच. खर्च 17-18 कोटींच्या घरात. फ्रान्सच्या रस्त्यापेक्षा लांबी कमी, पैसे निम्मे, वीज कितीतरी पट. हैदराबादच्या बाह्य वळण रस्त्यालगत 23 किलोमीटरचा सायकलमार्ग 2023 मध्ये खुला झाला. त्याच्या डोक्यावर पॅनेलचे छप्पर आहे, 16 मेगावॉटचे. तिथे खालून माणूस जातो, वरून ऊन. रस्त्याच्या जागेचा असा उपयोग मला शंभर टक्के मान्य आहे. टोलनाक्यांची छपरे, ट्रक टर्मिनल, साखर कारखान्यांची गोदामे, कृष्णा-कोयनेचे कालवे: जागा भरपूर आहे आणि त्यातली एकही जागा चाकाखाली येत नाही.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. यापुढे अशा प्रकल्पाची घोषणा झाली की किलोमीटर आणि कोटी छापताना वर्षाला किती युनिट, आणि तिसऱ्या वर्षी किती, हे दोन प्रश्न नक्की विचारा. आमच्या तालुक्याच्या बसस्थानकावर पत्र्याचे भले मोठे छप्पर आहे, दक्षिणेकडे उतरते. मी रोज फिरायला जाताना त्याच्यासमोरून जातो. अजून त्यावर एकही पॅनेल नाही.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता
सातारा जिल्हा