शमुएल या नावाविषयी

चि. शमुएल यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

‘शमुएल म्हणजे देवाने ऐकले’ हा मी तुला लहानपणी सांगितलेला अर्थ व्याकरणात बसत नाही, असे तुझ्या हिब्रूच्या शिक्षकांनी सांगितल्याचे तू लिहिले आहेस. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. ‘ऐकणे’ या अर्थाच्या ‘शमा’ धातूच्या शेवटी ‘अयिन’ हे अक्षर येते. ते ‘इश्माएल’ या नावात आहे, तुझ्या नावात नाही. तुझ्या नावात ‘शेम’ म्हणजे नाव आणि ‘एल’ म्हणजे देव हे शब्द दिसतात, म्हणून अभ्यासक त्याचा अर्थ ‘देवाचे नाव’ किंवा ‘त्याचे नाव एल’ असा लावतात.

मात्र पवित्र शास्त्रातल्या शमुएल संदेष्ट्याच्या आईने, हन्नाने, आपल्या मुलाचे नाव ठेवताना सांगितलेले कारण या दोहोंपेक्षा वेगळे आहे. शिलोच्या मंदिरात तिचे नुसते ओठ हलताना पाहून एली याजकाला ती मद्य प्यालेली वाटली, पण ती मूल मागत होती. आणि मूल झाल्यावर, याला मी परमेश्वराकडून मागून घेतले, एवढेच ती म्हणाली. ‘मागणे’ याचा धातू ‘शाअल’. त्याची शिन, आलेफ, लामेद ही तिन्ही अक्षरे तुझ्या नावात त्याच क्रमाने आहेत, फक्त मध्ये मेम आणि वाव आले आहेत. व्याकरणाने पाहता या धातूपासून थेट बनते ते नाव शाऊल, म्हणजे पुढे शमुएलानेच ज्याला राज्याभिषेक केला त्या राजाचे. आणि शमुएलाच्या पहिल्या पुस्तकात, पहिल्या अध्यायाच्या शेवटी हन्ना आपल्या मुलाविषयी बोलताना नेमका तोच शब्द वापरते. मला हे फार हृद्य वाटते. तुझ्यासाठी आम्ही नऊ वर्षे वाट पाहिली, म्हणून हे नाव मी या अर्थानेच निवडले होते. लहान मुलाला समजावे म्हणून ‘ऐकले’ असे सोपे करून सांगितले, ती चूक माझी.

आपल्या लोकांत, म्हणजे कोकणातून आलेल्या बेने इस्राएल ज्यूंत, हेच नाव ‘सामाजी’ असेही चालत आले आहे. मुंबईत १७९६ साली बेने इस्राएलांचे पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, बांधणारे सॅम्युएल इझीकेल दिवेकर हे सामाजी हसाजी म्हणूनच ओळखले जात.

नव्याच्या सणाच्या, म्हणजे रोश हशाना या आपल्या नववर्षाच्या, पहिल्या दिवशी तिकडेही हाच अध्याय वाचतील. त्यातली विसावी आणि अठ्ठाविसावी ओळ तुझ्या शिक्षकांना दाखव आणि त्यांचे मत मला सविस्तर लिही.

तुझी,
आई