चोचीवर टिचकी मारून पोपटाचं चावणं थांबत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरात पाळलेल्या पक्ष्यांविषयी जो मजकूर आला आहे, त्यात पोपट चावला तर लगेच त्याच्या चोचीवर टिचकी मारावी, म्हणजे खोड मोडते, असा सल्ला दिला आहे. तो वाचून स्वस्थ बसवलं नाही. हाच सल्ला पक्षी विकणारे देतात, शेजारपाजारचे देतात, आणि आता तो छापून आल्यामुळे खराच वाटणार. टिचकीने पक्ष्याला दुखतं आणि चावणं कमी न होता वाढतं. पुढच्या अंकात हा सल्ला मागे घेतल्याचं चार ओळींत तरी छापावं, अशी कळकळीची विनंती आहे.

मी कोथरूडला राहते. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून, लोक मे महिन्यात किंवा दिवाळीत बाहेरगावी गेले की त्यांचे पक्षी माझ्याकडे मुक्कामाला असतात. मागची खोली मी त्यांनाच देऊन टाकली आहे. बजरीगर, कॉकॅटिल, लव्हबर्ड, सन कन्युअर, आफ्रिकन ग्रे, कधीमधी एखादा मकाऊ, सगळ्या परदेशी पोपटांच्याच जाती. पिंजरा ठेवून जाताना मालक हमखास एक वाक्य सांगून जातात: "जरा जपून हं काकू, हा काही कारण नसताना चावतो." इतक्या वर्षांत कारण नसताना चावणारा पक्षी मी पाहिलेला नाही.

चोच वरून कठीण दिसते, पण आत हाड आहे, रक्तवाहिन्या आहेत आणि टोकाशी स्पर्श कळणाऱ्या नसांची दाटी आहे. त्याच टोकाने पोपट सूर्यफुलाचं बी जिभेवर फिरवून साल अलगद सोडवतो. चढताना, फांदी बदलताना तो चोचीचा तिसरा पाय करतो. पिल्लाला हातावर घ्यायला तुम्ही बोट पुढे करता तेव्हा ते आधी चोचीने बोट धरून बघतं, इथे आपलं वजन पेलेल का. नेमकं त्याच क्षणी माणूस दचकून हात मागे घेतो. पिल्लाचा तोल जातो, पडू नये म्हणून ते घट्ट धरतं, आणि घरात आरडाओरडा होतो, "चावला, चावला!" असं पुन्हा पुन्हा झालं की पिल्लू दोन गोष्टी शिकतं. हा हात भरवशाचा नाही, आणि नको असलेला हात घालवायचा तर चोच लावली की काम होतं. त्यावर टिचकी पडली की तिसरी गोष्ट शिकतं, हात जवळ आला की दुखतं. पुढच्या वेळी ते हात जवळ येण्याचीही वाट बघत नाही. आणि अंगात मस्ती असलेलं पिल्लू असेल तर त्याला टिचकी म्हणजे खेळच वाटतो, कारण पोपट एकमेकांशी चोचीला चोच लावूनच खेळतात.

चावण्याआधी पोपट बजावतो. प्रत्येक जातीची बजावण्याची तऱ्हा वेगळी, म्हणून एका जातीवरून दुसरीचा अंदाज बांधू नये. कॉकॅटिल वाचायला सर्वांत सोपा, त्याचा तुराच सगळं सांगतो. तुरा अर्धवट उभा असेल तर पक्षी निवांत आहे, एकदम ताठ झाला तर दचकलाय, आणि डोक्याला चप्प चिकटवून फिस्स आवाज काढला तर हात लांब ठेवा. बजरीगरचा चावा म्हणजे चिमटा. मादी मात्र, विशेषतः अंडी घालायच्या दिवसांत, नरापेक्षा जोरात धरते. नाकाचा भाग तपकिरी ती मादी, निळा तो नर, एवढं ओळखता आलं तरी पुरे. मकाऊ चोच उघडून अंगावर येतो, पण पुष्कळदा ते नुसतं धमकावणं असतं. समोरचा घाबरला की मात्र त्याला ती सवय लागते, आणि कठीण कवचाची फळं फोडणारी ती चोच आहे, हे विसरू नये.

आफ्रिकन ग्रेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण चावका म्हणून सर्वांत जास्त बदनाम तोच होतो. बाणेरच्या एका कुटुंबाचा ग्रे माझ्याकडे होता. त्याचे पंख कापलेले, म्हणजे उडता येऊ नये म्हणून पंखांची लांब पिसं छाटलेली. न्यायला आले तेव्हा त्यांच्या मुलाने दार उघडून बोट पुढे केलं. मी बाजूला स्टुलावर बसून बघत होते. पक्ष्याने आधी अंग मागे झुकवलं. मग मानेवरची पिसं उभी राहिली. घशातून बारीक गुरगुर आली. फिकट पिवळ्या डोळ्यातली काळी बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झाली, पुन्हा मोठी झाली, पुन्हा आक्रसली. बोट पुढेच येत होतं. मी "थांब रे बाळा" म्हणेपर्यंत बोटातून रक्त आलं. मुलाचे वडील म्हणाले, "बघितलंत? अचानक!" त्या पक्ष्याने जमेल तितक्या परीने नको म्हणून सांगितलं होतं. आणि पंख कापलेल्या पक्ष्याला दुसरं करता तरी काय येणार? ज्याला उडून लांब जाता येतं, तो आधी उडून जातो. ती वाट आपणच बंद केली की उरते फक्त चोच. ग्रे मुळात भित्रा पक्षी, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या जंगलात थव्याने राहणारा. चिडून चावणाऱ्यापेक्षा घाबरून चावणारा ग्रेच मी जास्त पाहिला आहे.

त्या मुलाला मी नंतर काठी दिली. लाकडी, हाताच्या अंगठ्याएवढी जाड. बोटाऐवजी काठी पुढे करायची, पक्षी पाय ठेवील तेव्हा एक सूर्यफुलाचं बी, नाही ठेवला तर काठी शांतपणे मागे. बी एरवी वाटीत ठेवायचं नाही, तेवढ्याच वेळी द्यायचं. बोट नंतर, पक्ष्याच्या मर्जीने. चावलाच तर ओरडायचं नाही, हात झटकायचा नाही, त्याला जवळच्या दांडीवर उतरवायचं आणि आपण दोन मिनिटं बाजूला व्हायचं. आपल्या ओरडण्याचीही काही पक्ष्यांना मजा वाटते. मग विचार करायचा, हे होण्याआधी काय घडलं?

लव्हबर्डचं कारण बहुधा घरटं असतं. (बरीच दुकानं बजरीगरलाच लव्हबर्ड म्हणून विकतात. मी म्हणते तो आखूड शेपटीचा, आफ्रिकेतला.) गुलाबी चेहऱ्याची मादी पिंजऱ्याच्या तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राच्या अगदी एकसारख्या लांब पट्ट्या कापते आणि एकेक पट्टी शेपटीजवळच्या पिसांत खोचून नेते. तासन् तास बघत राहावं असं ते काम आहे. पण त्या दिवसांत पिंजरा तिचं घर असतो. पाणी बदलायला घातलेला हात तिला घरात शिरलेला चोर वाटतो. बाहेर आल्यावर तीच मादी खांद्यावर बसते. अशा वेळी कागद, मडकं, नारळाची करवंटी, जे जे घरट्यासारखं दिसतं ते काढून टाकावं आणि ती बाहेर असताना पिंजरा साफ करावा. पाठीवरून, पंखाखालून हात फिरवणंही बंद करावं. पोपटाला ती जोडीदाराची खूण वाटते, तो उगाच माजावर येतो आणि मग चावतो. काकाकुव्याच्या बाबतीत तर हे फारच दिसतं. लाड डोक्याचे आणि मानेचे करावेत.

यातूनच पुढचा मुद्दा. जाहिरातीत लिहिलेलं असतं, "हँडफीड पिल्लू, पूर्ण टेम, अजिबात चावत नाही." (म्हणजे हाताने भरवून वाढवलेलं, माणसाळलेलं.) पिल्लू असेपर्यंत ते खरंही असतं. लहान जाती वर्षभरात वयात येतात, सन कन्युअर दोनेक वर्षांत, ग्रेला तीन ते पाच वर्षं लागतात. वयात आला की तो स्वतःची जागा आणि स्वतःचं माणूस राखू लागतो. घरातल्या एकाच्या खांद्यावर बसलेला असतो, दुसरं कुणी खोलीत येतं, आणि राग त्याच्यावर असूनही चावा खांदेवाल्यालाच बसतो. मग घरच्यांना वाटतं, एवढं केलं याचं आणि उलटला. तिथून पक्षी विक्रीला निघतो, या घरातून त्या घरात, आणि प्रत्येक घरात आणखी बिथरतो. विकताना कागदपत्रंही कुणी विचारत नाही. ग्रे आणि सन कन्युअर या जाती साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करणं आता बंधनकारक आहे.

पुण्याचं म्हणून एक कारण सांगते. आषाढ लागला की नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. मला ढोल आवडतो. पण ज्यांची घरं त्या पट्ट्यात आहेत, त्यांचे पक्षी गणपती उठेपर्यंत चिडचिडे असतात. पोपटाला रात्री दहा-बारा तासांची सलग झोप लागते. ती मिळत नाही, त्यात पिंजरा दिवाणखान्यात टीव्हीशेजारी आणि मालिका अकरापर्यंत. पिंजरा आतल्या खोलीत हलवून, दिवेलागणीनंतर थोड्या वेळात वर सुती चादर टाकून पाहा. एवढ्यावर शांत झालेले कन्युअर मला माहीत आहेत.

आता हिरवा पोपट. वेताळ टेकडीवर ओरडत जाणारे थवे ज्याचे, तोच आपला मिठू. तो, मोठा पहाडी आणि लाल डोक्याचा तुइया, हे सगळे आपले जंगली पक्षी आहेत आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्यांना पकडणं, विकणं, घरात ठेवणं गुन्हा आहे. तरी हिवाळा सरता सरता ढोलीतून काढलेली पिल्लं विकली जातात. हा पक्षी मुळात अंगाला हात लावून घेणारा नाही. त्याच्यात मादी वरचढ असते, नरसुद्धा तिच्याजवळ सावकाश, अंतर राखून येतो. त्याला मुठीत धरून मिरची भरवायची आणि चावला की चोच घासायची, हे मी ऐकलं आहे आणि मला ते क्रौर्य वाटतं. कुणाकडे असा पक्षी असेल तर परस्पर सोडून देऊ नका. पंख कापलेला, हातावर वाढलेला पक्षी बाहेर दोन दिवस टिकत नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

चावा बसलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावं. रेबीज पक्ष्यांपासून होत नाही, तो सस्तन प्राण्यांचा रोग आहे. त्या भीतीपायी पक्ष्याला घराबाहेर काढू नये. आणि कधीच न चावणारा पोपट एकाएकी चावू लागला, तर आधी पक्ष्यांचे डॉक्टर गाठा. कुठेतरी दुखत असतं. नवी पिसं फुटताना तर नुसता स्पर्शही दुखतो.

सुट्ट्या जवळ येत आहेत. आपला पक्षी कुणाकडे ठेवून जाणार असाल तर पिंजऱ्यासोबत एक चिठ्ठी द्या: कधी झोपतो, कोणता रंग किंवा वस्तू पाहून बिचकतो, पंख कापले आहेत का, पिसं झडत आहेत का, हातावर येतो की काठीवर, आणि चावण्याआधी काय करतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर निघण्याआधी दोन-चार दिवस पिंजऱ्यासमोर नुसतं बसून बघा आणि मग लिहा.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे