बंड्या, मी ट्रॅक्टर घेतलाय

प्रिय बंड्या,

आठ महिने झाले, तुला एक ओळ नाही. तुझा फोन आला तरी दोन मिनिटांत काहीतरी निमित्त काढून ठेवला. तुला वाटलं असेल, मी कशावरून तरी रुसलोय. तसं काही नाही रे. मी ट्रॅक्टर घेतलाय, आणि हे तुला कोणत्या तोंडाने सांगू ते कळत नव्हतं. एवढंच.

घरी सगळं ठीक. आईची साखर आटोक्यात आहे, माझा गुडघा होता तसाच.

ट्रॅक्टर जुना आहे. छोटा, तीन सिलिंडरचा, चोवीस अश्वशक्तीचा. मीटरवर 2,140 तास दिसत होते. बघायला गेलो तेव्हा आधी बॉनेट उघडून इंजिनला हात लावला. गरम लागलं असतं तर तिथूनच मागे फिरलो असतो. विकणारा आधी एकदा चालू करून ठेवतो, म्हणजे थंडपणी इंजिन किती कुंथतंय ते आपल्याला कळत नाही. ही युक्ती कोणाची ते तुला सांगायला नको. त्या जुन्या मोटरसायकलच्या वेळी भाऊंनी आपल्या दोघांचेही हात धरून इंजिनवर ठेवले होते. बॉनेट उघडताना मला तेच आठवलं आणि क्षणभर तिथंच थांबलो.

सेल्फ मारला, लगेच लागला. थोडा पांढरा धूर, मग स्वच्छ. गिअर पेटीची कांडी काढून तेल बोटावर घेतलं. दुधाळ नव्हतं, म्हणजे आत पाणी शिरलेलं नाही. लिफ्टवर रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करायचं अवजार) उचलून इंजिन बंद केलं आणि दहा मिनिटं लांब उभा राहून बघत बसलो. बोटभर खाली आला. तेवढं जुन्या गाडीत चालवून घेतो मी.

पण काही गोष्टी जागेवर नव्हत्या, आणि त्याच मोठ्या होत्या. पीटीओवरचं, म्हणजे इंजिनच्या जोरावर अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवरचं, झाकण गायब. सीटचा पट्टा कापलेला. डाव्या-उजव्या ब्रेकची पेडलं जोडणारी कडी तुटलेली, तिथं नुसती तार पिळून ठेवलेली. आणि सीटमागचा रोल बार, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तर माणसाला वाचवणारी लोखंडी कमान, आडवा पाडून ठेवलेला, फांद्यांना अडकतो म्हणून. त्याची पिन इतकी गंजली होती की दोन दिवस तेल पाजून हातोड्याने काढावी लागली. त्या माणसाने इतकी वर्षं हा ट्रॅक्टर असाच चालवला असेल, या विचाराने मला अजून कसंतरी होतं. आधी हे सगळं करून घेतलं, मगच चावी फिरवली. झाकण नवं, कडी नवी, पट्टा नवा, रोल बार उभा. आता तो खाली पाडायचाच नाही असं ठरवलंय. बार उभा असेल तर पट्टा बांधायचा, आणि कधी पाडावाच लागला तर बांधायचा नाही. कारण मग उलटला तर पट्टा माणसाला खालीच धरून ठेवतो.

चिमणीने त्याचं नाव बोका ठेवलंय. थंडीत उठवायला गेलं की घरघर करतो आणि परत झोपतो, अगदी तुझ्यासारखा. तुझ्या घोरण्याला मात्र सायलेन्सर नाही.

शिकवायला शेजारचे तात्या येतात. पहिले पंधरा दिवस त्यांनी मला मातीला हात लावू दिला नाही. मोकळ्या जागेत पुढे, मागे, वळण, थांब. परत पुढे, मागे. गाडी चालवता येते म्हणून ट्रॅक्टर येतो हा माझा समज पहिल्याच दिवशी गेला. इथं रेस हाताने लावायची आणि ती तशीच राहते. पाय उचलला म्हणून ट्रॅक्टर थांबत नाही. क्लच दोन टप्प्यांचा: अर्धा दाबला की चाकं थांबतात, पुरता दाबला की पीटीओही थांबतो. ब्रेक डावा वेगळा, उजवा वेगळा. शेतात एकाच बाजूचा दाबून जागच्या जागी वळता येतं, पण रस्त्यावर दोन्ही जोडलेच पाहिजेत. वेगात एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर त्या बाजूला भेलकांडतो. आणि उतारावर क्लच दाबायचा नाही. वर असतानाच लहान गिअर टाकायचा आणि इंजिनच्या जोरावर उतरायचं. हे तात्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं, शाळेत पाढे घ्यायचे तसं.

पीटीओची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. मिनिटाला 540 फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. नऊ, बंड्या. सदऱ्याचं एक टोक शाफ्टला लागलं तर माणसाने हात मागे घ्यायच्या आत सगळं गुंडाळलं जातं. मी आता ट्रॅक्टरवर सैल सदरा घालतच नाही, आणि शाफ्टला ग्रीस भरायच्या आधी इंजिन बंद करून चावी खिशात टाकतो.

एका गोष्टीत मात्र जीव रमला. मध्ये एकदा टाकीतलं डिझेल संपत आलं, माझ्या लक्षात आलं नाही, आणि त्याने एअर घेतली, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली. डिझेल भरलं तरी सुरू होईना. तात्या नव्हते. मी फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा बोल्ट दोन आटे सैल केला आणि हातपंप मारत बसलो. आधी नुसता फसफस आवाज, मग फेस, मग डिझेल आणि बुडबुडे, मग बुडबुडे विरळ होत गेले आणि शेवटी सरळ, स्वच्छ धार. धार चालू असतानाच बोल्ट आवळला. सेल्फ मारला, दोनदा खोकला आणि लागला. चिमणी टाळ्या वाजवत होती. त्या दिवशी तुला फोन लावायला हात शिवशिवत होता. लावला नाही.

आता जे सांगायला बसलोय ते सांगतो.

गेल्या मंगळवारी खालच्या तुकड्यातून वर येत होतो. मागे रोटाव्हेटर उचललेला. ओढ्याकडची चढण तुला माहीत आहे, आपण जिथं सायकली ढकलत न्यायचो. (तुझ्या सायकलचा ब्रेक माझ्यामुळे तुटला नव्हता, हे मी आजही म्हणेन.) चढणीच्या मध्यावर थांबलो, गिअर बदलला आणि क्लच जरा पटकन सोडला. पुढची चाकं उचलली गेली. फार नाही, टीचभर. समोरचं बॉनेट वर आलं आणि त्याच्यामागे आभाळ दिसलं. पाय अजून क्लचवरच होता म्हणून तो आपोआप दाबला गेला, चाकं धपकन खाली आली, ट्रॅक्टर थोडा मागे सरकला, मी ब्रेक दाबला आणि थांबलो. इंजिन बंद केलं. हात थरथरत होते. किती वेळ तसाच बसलो माहीत नाही. नंतर तात्या म्हणाले, मागे वजन असलं की अशा चढणीवर रिव्हर्सने चढायचं, म्हणजे वजन वरच्या बाजूला राहतं.

बॉनेटमागे ते आभाळ दिसलं तेव्हा मला भाऊच दिसले. तू हे ओळखलं असशीलच.

त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी मिळेल ते वाचतोय. मागची चाकं अडली आणि इंजिनचा जोर चालूच राहिला, तर चाक फिरायच्या ऐवजी अख्खा ट्रॅक्टर चाकाच्या आसाभोवती फिरतो. पुढचं तोंड वर येतं. साखळी आसाच्या वर बांधलेली असेल तर ती ओढ त्याला आणखी मागे पाडते. खाली हुकाला बांधली असेल, तर तोंड वर यायला लागलं की हूक खाली जातो आणि ती ओढ कमी होत जाते. एवढाच फरक, वीतभराचा. आपण त्या दिवशी साखळी टॉप लिंकच्या, म्हणजे अवजार जोडायच्या वरच्या दांडीच्या, ब्रॅकेटला बांधली होती, बंड्या. मी आणून दिली, भाऊंनी बांधली, तू बाजूला उभा होतास. खोड उपटायला उंचावरून ओढावं असं तिघांनाही वाटलं होतं. हूक खाली तसाच रिकामा होता.

आणि दुसरी गोष्ट, ज्यासाठी हे पत्र आहे. पुढची चाकं सुटल्यापासून साधारण पाऊण सेकंदात ट्रॅक्टर अशा जागी पोचतो की मग क्लच दाबला तरी उपयोग नाही. दीड सेकंदात तो पाठीवर असतो. माणसाला नुसतं बघून, कळून, पाय हलवायलाच जवळजवळ तेवढा वेळ लागतो. तू ओरडायचं, ते भाऊंच्या कानात जायचं, त्यांना उमगायचं, मग पाय क्लचकडे जायचा. कुठून येणार तेवढा वेळ? तुझा आवाज तोंडातून बाहेर पडायच्या आत सगळं होऊन गेलं होतं.

दवाखान्याच्या जिन्यात मी तुला म्हणालो होतो, तू ओरडला असतास तर. तू काही न बोलता खाली उतरून गेलास. एकोणीस वर्षं झाली. त्यानंतर आपण सगळं बोललो, तुझ्या लग्नात मी नाचलो, बाबा गेले तेव्हा तू आठ दिवस माझ्याकडे राहिलास, पण त्या जिन्यात आपण परत कधी गेलो नाही. ते माझं वाक्य खोटं होतं. मी मनापासून माफी मागतो. मला तेव्हा कोणाला तरी दोष द्यायचा होता आणि तू सगळ्यात जवळ उभा होतास.

हे संकट काही आपल्यावरच आलं असंही नाही. 1917 पासून निघालेले फोर्डसन ट्रॅक्टर असे मागे उलटण्यासाठी कुप्रसिद्धच होते. हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश माणसाने अवजार ट्रॅक्टरला वेगळ्या तऱ्हेने जोडायचा ध्यास घेतला त्यामागे हेही एक कारण होतं: फाळ दगडाला अडकला की ट्रॅक्टर मागे उलटायचा. बोक्याच्या मागे आज ज्या तीन दांड्या आहेत, खाली दोन आणि वर टॉप लिंक, ती त्याचीच देणगी. 1939 च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरपासून ती पद्धत सगळीकडे गेली. स्वीडनमध्ये तर 1959 पासून नव्या ट्रॅक्टरला रोल बार किंवा तशी केबिन सक्तीची झाली आणि उलटून मरणारी माणसं पुढे झपाट्याने कमी झाली. म्हणजे आपण जन्मायच्या आधीपासून लोकांना हे ठाऊक होतं. भाऊंच्या ट्रॅक्टरवर काहीच नव्हतं. त्यांना कोणी सांगितलं नाही, आपल्यालाही नाही. मला याचा फार राग येतो. कोणावर काढावा ते कळत नाही.

चिमणी सध्या माझ्याशी बोलत नाही. तिला मडगार्डवर बसायचं असतं, आपण बसायचो तसं. मी नाही म्हणालो. रडली, आदळआपट केली, आजीकडे तक्रार झाली. आई म्हणते, तू नव्हतास का बसत? बसत होतो. तुला आठवतं, सोळाव्या वर्षी तू मला सगळ्यांसमोर हाताला धरून मडगार्डवरून खाली ओढलं होतंस आणि मी महिनाभर तुझ्याशी बोललो नव्हतो? तेव्हा तुला हे कुठून कळलं होतं रे? की नुसतं वाटलं म्हणून ओढलंस? विचारायचं राहूनच गेलं.

घराचं काम कुठवर आलं? स्लॅब पडला का? वहिनींची बदली झाली की अजून लटकलेलीच आहे? धाकट्याचा दात पडलेला फोटो पाहिला, हसलो. मोठीच्या निकालाचं कळव.

भाऊंना अजून काही सांगितलेलं नाही. परवा फोनवर विचारत होते, काय चाललंय. मी म्हणालो, काही विशेष नाही. त्यांना सांगावं असं फार वाटतं. कधी वाटतं, ते काठी टेकत येतील, बोक्याच्या इंजिनला हात लावतील आणि पहिल्यांदा विचारतील, थंडपणी कसा उठतो? कधी वाटतं, ऐकून एक शब्दही बोलणार नाहीत. तू त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखतोस. तू सांगशील तसं करीन. तुलाच हा ट्रॅक्टर डोळ्यांसमोर नको असेल तर तेही स्पष्ट लिही, मी वाईट वाटून घेणार नाही. विकीन असं मात्र म्हणणार नाही. मला तो आवडायला लागलाय.

ट्रॅक्टरबरोबर पेटीत एक साखळीही आली होती. ती मी अजून बाहेर काढलेली नाही. वरच्या कोपऱ्यात एक जुनं खोड आहे, तेही तसंच ठेवलंय. तात्या म्हणतात, भोवती खणून, मुळं तोडून हातानेच काढू, ट्रॅक्टर लावायचाच नाही. मलाही तेच बरं वाटतं. दोन दिवसांचं काम आहे आणि तिसरा माणूस लागेल.

तुझा,
नान्या

ता. क. भाऊंशी बोलायच्या आधी मला फोन कर. या वेळी लगेच ठेवणार नाही.