जुन्या नाण्यांच्या ऑनलाइन विक्रीला परवाना द्या, मग तपासणी हवी तेवढी कडक करा : सांस्कृतिक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय सांस्कृतिक मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

जुनी, संग्राह्य नाणी विकणारं एक संकेतस्थळ मी उभारतो आहे. त्यातलं तांत्रिक काम आता कुणालाही जमण्यासारखं आहे. डोमेन घ्यायचं, तयार मिळणारं दुकान त्यावर बसवायचं, पेमेंट गेटवे जोडायचा, जीएसटीचं पाहायचं, विमा उतरवून पार्सल नेणारं कुरिअर गाठायचं. घोडं अडलं आहे ते 1972 च्या कायद्यापाशी. तो कायदा आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो, म्हणून हे पत्र आपल्याला. खुलं एवढ्यासाठी, की नाणी जमवणाऱ्या, विकणाऱ्या आणि वारशात मिळालेल्या नाण्यांचं काय करावं हे न कळणाऱ्या सगळ्यांचाच हा प्रश्न आहे.

पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम 1972 साली संमत झाला आणि 5 एप्रिल 1976 पासून अमलात आला. शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं या कायद्याने पुरावशेष, म्हणजे जपायची प्राचीन वस्तू, ठरतं. कलम 5 नुसार परवाना असल्याशिवाय पुरावशेष विकण्याचा धंदा करता येत नाही. केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, शिवाय माल जप्त होऊ शकतो. या तरतुदीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. देवळांतल्या मूर्ती रातोरात उचलून देशाबाहेर नेल्या जातात, तिथे असा कायदा हवाच. परवाना काढायला मी तयार आहे, तपासणीला तयार आहे, वह्या दाखवायला तयार आहे.

तक्रार आहे ती परवाना देताना काय पाहायचं यावर. कलम 8 सांगतं, की अर्जदाराला या व्यापाराचा अनुभव किती, तो कुठल्या गावात किंवा शहरात धंदा करणार, आणि त्या गावात आधीच किती जण हा धंदा करत आहेत, याचा विचार करावा. त्या काळाला हे धरूनच होतं. दुकान म्हणजे पेठेतली एक जागा, तिचा एक पत्ता, आणि तिथे पायी येणारं गिऱ्हाईक. संकेतस्थळाचं गाव कोणतं धरायचं? मी राहतो ते, सर्व्हर आहे ते, की गिऱ्हाईक जिथून पैसे भरतं ते? मी चौकशीला गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, "दुकान कुठे आहे?" नाणी तिजोरीत आणि विक्री इंटरनेटवर, असं सांगितल्यावर पुढचं बोलणंच खुंटलं. समोरच्या अधिकाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढच्या नियमांतच याला जागा नव्हती.

दुसरी अडचण शंभर वर्षांच्या रेषेची. ही रेषा दर वर्षी पुढे सरकते. 1926 साली पाडलेलं नाणं 2026 मध्ये पुरावशेष होतं. काल परवान्याशिवाय विकता येत होतं ते आज विकता येत नाही, आणि नाणं तर त्याच पाकिटात, त्याच खणात पडून आहे. इंग्रजी सन असलेल्या नाण्यांचं एक वेळ ठीक, संगणकाला सांगून ठेवलं की ती दर वर्षी आपोआप बाजूला काढता येतात. संस्थानांच्या नाण्यांचं काय करायचं? हैदराबादच्या निजामाच्या नाण्यांवर हिजरी सन असतो. हिजरी 1345 हे वर्ष जुलै 1926 मध्ये सुरू झालं आणि 1927 च्या मध्यावर संपलं. त्या सनाचं नाणं रेषेच्या अलीकडचं की पलीकडचं? ग्वाल्हेरच्या नाण्यांवर विक्रम संवत असतो, तिथेही हाच घोळ. शंका आली तर पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांचा किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम, असं कलम 24 म्हणतं. पण एकेका तांब्याच्या पैशासाठी तिथवर कोण जाणार? आणि सगळेच गेले, तर ते खातं दुसरं काम कधी करणार?

या सगळ्याचा परिणाम सरळ आहे. कायदा पाळायचा आहे तो विक्रेता थांबून राहतो, आणि ज्याला कायद्याशी देणंघेणं नाही तो आज रात्री पान उघडून उद्या सकाळी विकायला लागतो.

इंटरनेटवर जुन्या नाण्यांच्या नावाखाली काय चाललं आहे, ते आपण एकदा स्वतः पाहावं अशी माझी विनंती आहे. ईस्ट इंडिया कंपनीचं 1818 सालचं, एका बाजूला रामदरबार आणि दुसऱ्या बाजूला 'यूकेएल वन आना' असं लिहिलेलं एक नाणं जिकडेतिकडे दिसतं. अशी नाणी कंपनीने कधी पाडलीच नाहीत. हे अलीकडे बनवलेले टोकन आहेत. कुणी ते देव्हाऱ्यात ठेवतात त्याबद्दल काही म्हणायचं नाही, श्रद्धेचा भाग आहे. पण ते दोनशे वर्षांपूर्वीचं दुर्मीळ नाणं म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे. वैष्णोदेवीची छबी असलेली पाच आणि दहा रुपयांची नाणी सरकारने 2012 साली काढली. ती आजही चलनात आहेत, आणि त्यांच्यासाठी लाखो रुपये देणारा कुणीतरी बसला आहे अशा जाहिराती फिरतच असतात. त्यावर विश्वास ठेवून माणूस फोन करतो, पलीकडून नोंदणीचं शुल्क मागतात, मग कर मागतात, मग कमिशन. यात रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्हही सर्रास वापरलं गेलं. शेवटी बँकेलाच ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर करावं लागलं, की आम्ही अशा व्यवहारांत पडत नाही आणि कुणाकडून कसलंही शुल्क घेत नाही.

फसणारी माणसं बहुतेक वेळा संग्राहक नसतातच. आजोबांच्या पेटीत चार रुपये सापडलेलं घर असतं, पैशांची नड असलेली एखादी बाई असते. त्यांना त्या नाण्यांचा खरा भाव सांगणारी, पारखून घेणारी, बिल देणारी जागा सापडत नाही. ती जागा इंटरनेटवर असायला हवी, कारण ही माणसं आता तिथेच शोधतात.

प्रामाणिक संकेतस्थळावर एक नाणं कसं चढतं, ते सांगतो. शिवराईचं उदाहरण घेऊ. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकापासूनचं हे तांब्याचं नाणं, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पुढे पेशवाईतही शिवराई पडत राहिली, त्यातली दुदांडी, म्हणजे अक्षरांमध्ये दोन आडव्या रेघा असलेली, शिवराई आजही बऱ्यापैकी मिळते. शिवराई हातोड्याचा घाव घालून पाडलेली असते, त्यामुळे ठसा अनेकदा नाण्याच्या मधोमध बसत नाही, कडेची अक्षरं अर्धी निसटतात, बिंदूंची कड एका अंगाला दिसते आणि दुसऱ्या अंगाला नाही. वजन साधारण 11 ते 13 ग्रॅम. मी आधी वजन करतो, मग व्यास घेतो, मग तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढतो. कडेचा फोटो फार महत्त्वाचा. साच्यात ओतलेल्या बनावट नाण्याच्या कडेवर दोन अर्ध्या साच्यांचा बारीक सांधा पुष्कळदा राहून जातो, आणि भिंगातून पाहिलं तर पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांची बारीक छिद्रं दिसतात. अक्षरांच्या कडा गुळगुळीत, दबल्यासारख्या असतात. घाव घालून पाडलेल्या नाण्यात धातू ठशाच्या खोबणीत सरकल्याच्या खुणा दिसतात. तांब्यावरचा थर खरा की रसायनाने चढवलेला, हे ओळखायला नजर लागते, पण मोठा फोटो असेल तर गिऱ्हाईकही ते ओळखायला शिकतं. व्हिक्टोरिया राणीचा राणीछाप रुपया असेल तर काम सोपं : वजन 11.66 ग्रॅम, चांदी 91.7 टक्के. झीज सोडून त्यात मोठा फरक पडला तर ते नाणं माझ्याकडे चढत नाही.

आता कलम 10 पाहावं. परवानाधारकाने नोंदी, छायाचित्रं आणि नोंदवह्या ठेवल्या पाहिजेत, असं ते सांगतं. महोदय, नीट चालवलेलं संकेतस्थळ म्हणजे हीच नोंदवही आहे, फक्त सगळ्यांना उघडी. प्रत्येक नाण्याचा क्रमांक, फोटो, वजन, कुणाकडून घेतलं, कुणाला विकलं, कधी विकलं. आपल्या अधिकाऱ्याला दुकानात येऊन कपाट उघडायला लावायची गरज नाही, टेबलावर बसून तो सगळं पाहू शकतो. पेठेतल्या कुठल्याही दुकानावर जेवढी नजर ठेवता येते त्याहून जास्त नजर अशा संकेतस्थळावर ठेवता येईल.

नाणं कुठून आलं, हा रकाना मला सगळ्यात मोलाचा वाटतो आणि आज बाजारात तोच कुठे नसतो. शेतात नांगरताना हंडा सापडतो. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. पुष्कळदा कळवलं जात नाही, हंडा फुटतो, नाणी दहा वाटांनी जातात. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींनी आहत, म्हणजे ठसे मारून केलेल्या प्राचीन, नाण्यांच्या साठ्यांतलं एकेक नाणं तोललं आणि वजनातल्या झिजेवरून ती नाणी किती काळ हातोहात फिरली असतील याचा अंदाज बांधला. हे जमलं कारण साठा एकत्र होता. तीच नाणी सुटी सुटी विकली गेली असती, तर त्या अभ्यासाला आधारच उरला नसता. म्हणून विक्रेत्याला 'कुठून आलं' हे लिहायला लावा, आणि ज्याचा उगम सांगता येत नाही अशा एकाच छापाच्या नाण्यांचा ढीग कुणी विकायला आणला तर त्याने तो आपल्याकडे कळवावा, असा नियम करा. असा नियम मी आनंदाने पाळीन.

परदेशी विक्रीबद्दल मला सवलत नको. शंभर वर्षांवरचं नाणं देशाबाहेर जाऊ नये, हे मला मान्य आहे. संकेतस्थळ जगभर दिसतं, पण पाठवण्याचा पत्ता भारतातलाच घ्यायचा, हे दोन ओळींच्या सेटिंगचं काम आहे. परवान्याची ती अटच करून टाका.

तेव्हा माझं मागणं असं. कलम 8 मधली गावाची कसोटी ऑनलाइन विक्रेत्याला लावू नका. त्याऐवजी नोंदणीकृत पत्ता, नाणी ठेवण्याची सुरक्षित जागा आणि तपासणीसाठी खुली नोंदवही एवढं मागा. शंभर वर्षांचा हिशेब नाण्यांपुरता ठरावीक सालावर आणा, म्हणजे अमुक सालापर्यंतची नाणी परवान्याखाली, त्यानंतरची मोकळी. आणि हिजरी, संवत वगैरे सनांसाठी एक तक्ता अधिकृतपणे प्रसिद्ध करा. हे काम आपल्या विभागातल्या नाणेतज्ज्ञांना काही दिवसांत करता येईल. मोठ्या विक्री-संकेतस्थळांना सांगा, की जुनं नाणं विकणाऱ्याचा परवाना क्रमांक नाण्याच्या फोटोखाली दिसलाच पाहिजे. ग्राहक संरक्षणाच्या 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याची माहिती द्यावीच लागते, त्यात ही एक ओळ वाढेल.

आणि प्रतिकृतींचं मनावर घ्या. अमेरिकेत 1973 पासून कायदा आहे, की संग्राह्य नाण्याची नक्कल बनवली तर तिच्यावर 'कॉपी' हा शब्द कोरलाच पाहिजे. आपल्याकडे अशी सक्ती नाही. शिवाजी महाराजांच्या सोन्याच्या होनाच्या नकला बनतात, शाळेतल्या प्रदर्शनांसाठी, भेट देण्यासाठी त्या चांगल्याच आहेत. पण तीच नक्कल दोन हात पुढे गेली की खरा होन म्हणून विकली जाते. नाण्यावर 'प्रतिकृती' हा शब्द ठशातच असेल तर हा प्रकार बराच आटोक्यात येईल. यात सरकारचा खर्च नाही, कुणाच्या पोटावर पाय नाही.

2017 साली या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी मसुदा लोकांसमोर ठेवला गेला होता. तो मागे पडला. पूर्ण नवा कायदा येईपर्यंत थांबावं लागेल असं मला वाटत नाही. परवान्याचे तपशील नियमांत असतात, आणि नियम आपल्या मंत्रालयाला बदलता येतात. जिथे कायद्यालाच हात लावावा लागेल, तिथे दोन-तीन कलमांची छोटी दुरुस्तीही पुरेल.

माझ्या संकेतस्थळावर सध्या शंभर वर्षांच्या आतलीच नाणी आहेत. त्याआधीची नाणी फोटो आणि नोंदींसह तयार आहेत, विक्रीचं बटण मात्र बंद ठेवलं आहे. आपल्या विभागाला नमुना म्हणून ती सगळी नोंदवही पाहायची असेल, तर तिची किल्ली पाठवायला मी तयार आहे. निर्णय काहीही होवो, तो लेखी कळवावा, एवढी विनंती.

आपला नम्र,
एक नाणेसंग्राहक आणि विक्रेता